शंखाच्या विषापासून आंब्याच्या मोहोरापर्यंत: फिलिपिनो विज्ञान आणि गणित

सागरगोटा (धागाकर्ती)

मॅगसेसे पुरस्कार आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. विनोबा, चिंतामणराव देशमुख, जामखेडचे आरोळे दांपत्य, बाबा आमटे, पुढे प्रकाश आणि मंदाताई. पण ज्या देशाचा हा पुरस्कार, त्या देशातल्या एका तरी शास्त्रज्ञाचं नाव आपल्याला सांगता येतं का? मी समुद्री जीवशास्त्र शिकवते आणि वर्गात हा प्रश्न विचारला की शांतता पसरते. म्हणून हा धागा काढतेय. फिलिपिन्समधल्या विज्ञानाबद्दल, गणिताबद्दल ज्याला जे खात्रीने ठाऊक आहे ते इथे लिहा. सुरुवात माझ्या सर्वांत आवडत्या शास्त्रज्ञापासून.

बाल्डोमेरो ऑलिव्हेरा. जन्म १९४१. मनिलात वाढले, लहानपणी शंख जमवायचा नाद. फिलिपिन्स विद्यापीठात रसायनशास्त्र, कॅलटेकला पीएचडी, मग स्टॅनफर्ड. तिथे त्यांनी डीएनए लायगेजवर काम केलं. डीएनएचे तुटलेले धागे सांधणारं हे विकर आज जनुकांवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत लागतं. एवढं मोठं काम गाठीशी घेऊन ते मायदेशी परतले, आणि मनिलात त्या संशोधनाला लागणारी उपकरणंच नव्हती. मग हाताशी काय आहे याचा त्यांनी विचार केला. समुद्र होता, आणि लहानपणापासून ओळखीचे कोन शंख होते.

कोन शंख दिसायला अतिशय देखणे, पण आतला प्राणी शिकारी. त्यातले काही चक्क मासे खातात. गोगलगायीच्या गतीने सरकणारा प्राणी मासा पकडणार कसा? त्याचा एक दात भाल्यासारखा बाहेर येतो, माशाला टोचतो, आणि विष इतक्या झटकन चढतं की मासा जागीच थिजतो. कोनस जिओग्राफस या जातीच्या डंखाने माणसंही मेली आहेत. ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकारी लुर्देस क्रूझ यांनी हे विष घेऊन त्यातले घटक एकेक करून वेगळे करायला घेतले.

पुढे ऑलिव्हेरा अमेरिकेत युटा विद्यापीठात गेले आणि तिथे या कामाला वेगळंच वळण लागलं. क्रेग क्लार्क नावाच्या १९ वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्याने सुचवलं की विषाचे वेगवेगळे घटक उंदराच्या थेट मेंदूत टोचून पाहू. करून पाहिलं तर प्रत्येक घटकाचा परिणाम निराळा. एकाने उंदीर झोपी जायचा, दुसऱ्याने गोल गोल फिरायचा, तिसऱ्याने थरथरायचा. म्हणजे एका शंखाच्या विषात मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या अनेक रेणूंची अख्खी पेटी होती. मायकेल मॅकिंटॉश या दुसऱ्या विद्यार्थ्याने कोनस मॅगस या शंखातून थरथर आणणारा घटक वेगळा काढला. फक्त २५ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, साखळी. मणक्यातल्या चेतापेशींमधली एका विशिष्ट प्रकारची कॅल्शियमची दारं तो बंद करतो, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जातच नाही. तोच रेणू कृत्रिमरीत्या बनवून झिकोनोटाइड हे औषध तयार झालं. अमेरिकेत २००४ च्या डिसेंबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. इतर कशानेही न थांबणाऱ्या वेदनेसाठी ते पंपाने थेट मणक्यातल्या द्रवात सोडतात. ते मॉर्फिनच्या कुळातलं नाही, त्यामुळे त्याची सवय लागत नाही. मात्र मनावर दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून मात्रा फार हळूहळू वाढवावी लागते.

लुर्देस क्रूझ यांचं नाव बहुतेक लेखांत ओझरतं येतं, ते मला खटकतं. या विषशास्त्राचा पाया घालण्यात त्यांचा बरोबरीचा वाटा आहे. त्यांनी आपलं काम फिलिपिन्समध्ये उभं केलं, २००६ मध्ये त्यांना राष्ट्रीय शास्त्रज्ञ हा तिथला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २०१० मध्ये लॉरिआल-युनेस्को पुरस्कार. बाताआन प्रांतातल्या आएता आदिवासींच्या उपजीविकेसाठीही त्या काम करत आल्या.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. साधनं नव्हती म्हणून शोध लागला, असा अर्थ कुणी कृपया काढू नका. साधनं मिळाली असती तर ऑलिव्हेरा कदाचित मनिलातच राहिले असते. मला मोल वाटतं ते त्यांनी निवडलेल्या प्रश्नाचं. आपल्या किनाऱ्यावर काय पडलंय ते त्यांनी नीट पाहिलं.

देवगडकर

उत्तम धागा. माझ्याकडून डॉ. रामोन बार्बा. आंबेवाल्याने हे नाव विसरून चालणार नाही.

हापूसचा मोहोर थंडीवर अवलंबून. नोव्हेंबर-डिसेंबरात गारवा पडला नाही तर बागायतदाराची झोप उडते. फिलिपिन्समध्ये तर थंडी अशी नाहीच. तिथली मुख्य जात काराबाव. मोहोर यावा म्हणून तिथले शेतकरी झाडाखाली ओला पाला-कचरा धुमसत ठेवायचे, रात्रंदिवस, कित्येक दिवस. धुरात इथिलीन असतं आणि त्याने मोहोर फुटायला मदत होते. पण खर्च फार, मेहनत फार, आणि हमी नाही.

बार्बा इलोकोस नोर्ते प्रांतातले. फिलिपिन्समधल्याच लॉस बान्योसला शिकले, मग अमेरिकेत जॉर्जिया, मग हवाईला पीएचडी. १९७० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की पोटॅशियम नायट्रेटचं साधं १ टक्का द्रावण, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो, पक्व फांद्यांवर फवारलं तर मोहोर फुटतो. धूर नको, शेकोटी नको. त्यामुळे हंगाम पुढेमागे करता आला, एक वर्ष भरघोस आणि पुढचं वर्ष रिकामं हा झाडाचा खेळ बराच आटोक्यात आला, आणि फिलिपिन्सचा आंबा व्यवसाय उभा राहिला. पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण शेतकऱ्याकडून त्यांनी त्यावर पैसे घेतले नाहीत. २०१४ मध्ये ते राष्ट्रीय शास्त्रज्ञ झाले, २०२१ मध्ये गेले.

हा पदार्थ म्हणजे आपल्या कृषी केंद्रात मिळणारं १३:०:४५ हे खत. द्राक्षवाल्यांना तर तोंडपाठ आहे. पण वाचून कुणी उद्या हापूसवर फवारायला धावू नका. आपल्याकडे मोहोरासाठी दापोली विद्यापीठाची शिफारस पॅक्लोब्युट्राझोलची आहे, ज्याला सगळे कल्टार म्हणतात. ते पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या घेराप्रमाणे मोजून मुळाशी द्यायचं. त्याचं काम वाढ रोखण्याचं आहे. बार्बांच्या द्रावणाचं काम फांदीवरच्या तयार डोळ्याला, म्हणजे कोंबाला, जागं करण्याचं. काराबाव त्याला जसा प्रतिसाद देतो तसा प्रत्येक जात देत नाही. फांदी कोवळी असेल तर पालवीच येते आणि खर्च वाया.

चांदोबा

वाचतोय, मस्त चाललंय. एक शंका. ट्यूबलाइट अगापितो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने शोधली आणि चंद्रावरची गाडी एदुआर्दो सान हुआन यांनी बनवली, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. हे खरं आहे का? असेल तर यादीत घेऊ.

खरेखोटे

चांदोबा, विचारलंत ते बरं केलंत. दोन्ही दावे टिकत नाहीत. प्रतिदीप्त दिव्यावर, म्हणजे ट्यूबलाइटवर, अनेकांनी काम केलं होतं. जर्मनीत एडमंड गेर्मर आणि सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने दिवे बाजारात आणले. फ्लोरेस यांनी तो शोधल्याचा पुरावा नाही. चंद्रावर गेलेली गाडी बोइंग आणि जनरल मोटर्स यांनी मिळून बनवली. सान हुआन हे अभियंते होते, पण गाडी त्यांची एकट्याची हा पुढे चढलेला रंग आहे. फिलिपिन्समधल्याच विज्ञान लेखकांनी या दोन्ही गोष्टी वारंवार खोडून काढल्या आहेत.

आपल्याला हे परकं वाटू नये. १८९५ मध्ये चौपाटीवर तळपदे यांनी विमान उडवलं ही गोष्ट आपण अजून सांगतो. त्यासोबत ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला देतात, त्यातल्या रचना उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘तुम्हाला काही जमत नाही’ असं ऐकवलं गेलं, तो समाज अशा गोष्टी उराशी धरतो. ते मला समजतं. पण त्यामुळे खऱ्या माणसांच्या वाट्याचा उजेड जातो.

असा एक खरा माणूस सांगतो. डॉ. आबेलार्दो अगिलार, इलोइलोचे. १९४९ मध्ये त्यांनी आपल्या भागातल्या मातीचे नमुने एली लिली या अमेरिकन औषध कंपनीकडे पाठवले. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मिळालं आणि १९५२ मध्ये ते बाजारात आलं. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्या कोट्यवधी लोकांना या औषधाचा आधार झाला. कंपनीने त्याचं एक व्यापारी नाव इलोटायसिन ठेवलं, इलोइलोवरूनच. अगिलार यांनी पुढे आयुष्यभर नफ्यातला वाटा मागितला. तो त्यांना मिळाला नाही. १९९३ मध्ये ते वारले. रेणू वेगळा करण्याचं, त्याची रचना शोधण्याचं काम कंपनीच्या शास्त्रज्ञांचं होतं, हे मान्यच. पण माती कुठली आणि ती पाठवावी हे सुचलं कुणाला, हेही त्याच इतिहासात लिहायला हवं.

दुरियन

खरेखोटे यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी एमबीबीएसच्या बरोबरीचं शिक्षण फिलिपिन्समधल्या दावाओला घेतलं. तिथे आपली मराठी मुलं बरीच असतात. बालरोगाच्या वॉर्डात एक नाव सतत कानावर पडायचं, डॉ. फे देल मुंदो.

त्यांच्याबद्दलही एक फुगवलेलं वाक्य सगळीकडे फिरतं: ‘हार्वर्ड मेडिकलची पहिली विद्यार्थिनी’. हार्वर्डने वैद्यकीय पदवीसाठी मुलींना रीतसर प्रवेश दिला तो १९४५ मध्ये. देल मुंदो त्याआधी, १९३० च्या दशकात, फिलिपिन्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊनच बॉस्टनला गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी बालरोगाचं पुढचं शिक्षण घेतलं. हे काही कमी नाही. बिरूद काढून घेतलं तरी बाई तेवढ्याच मोठ्या राहतात.

मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते बांबूचं इन्क्युबेटर. खेड्यात वीज नाही, अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्माला आलंय, त्याला ऊब कशी द्यायची? त्यांनी कपडे ठेवायच्या दोन बांबूच्या टोपल्या घेतल्या, एक लहान, एक मोठी. लहान टोपली मोठीत ठेवली, मधल्या फटीत गरम पाण्याच्या बाटल्या, वर प्राणवायूसाठी झाकण. बस. नवजात विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या तासांत बाळाचं तापमान टिकवणं म्हणजे काय असतं ते.

जपानी ताब्याच्या काळात सान्तो तोमास विद्यापीठाच्या नजरकैद छावणीतल्या मुलांची त्यांनी काळजी घेतली. १९५७ मध्ये केसोन सिटीत देशातलं पहिलं बालरुग्णालय काढलं, त्यासाठी स्वतःचं घर विकलं, आणि मग रुग्णालयाच्याच वरच्या मजल्यावर राहिल्या. नव्वदी ओलांडल्यावरही चाकाच्या खुर्चीतून राउंड घ्यायच्या. १९७७ चा मॅगसेसे त्यांना मिळाला. १९८० मध्ये त्या फिलिपिन्सच्या पहिल्या महिला राष्ट्रीय शास्त्रज्ञ झाल्या. २०११ मध्ये ९९ व्या वर्षी गेल्या.

रापण

समुद्राचा धागा आहे तर आंगेल अल्काला यांच्याशिवाय कसा पुरा होईल? मी मालवणचा, म्हणून हा विषय माझ्या जवळचा.

अल्काला दुमागेतेच्या सिलिमन विद्यापीठातले. मूळचे बेडूक-सरड्यांचे अभ्यासक, पुढे प्रवाळाकडे वळले. १९७४ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने सुमिलोन बेटाच्या प्रवाळाचा एक भाग मासेमारीला पूर्ण बंद केला. दहा वर्षांनी स्थानिक राजकारणामुळे ती बंदी मोडली आणि सगळे जाळी घेऊन आत घुसले. आता गंमत बघा. जास्त जागा मोकळी झाली म्हणजे जास्त मासळी मिळायला हवी ना? अल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांच्याकडे आधीचे आकडे होते. बंदी मोडल्यावर बेटाभोवतीची एकूण मासळी जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे बंद ठेवलेला तुकडाच बाहेरच्या मच्छीमारांना पोसत होता. १९९० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नुसत्या उपदेशाने हे पटलं नसतं. आकड्यांनी पटलं.

जवळच्या आपो बेटावर १९८० च्या दशकात त्यांनी वेगळी वाट धरली. आधी गावाशी बोलणी, मग हद्द. राखण गावकऱ्यांनीच करायची. ते अभयारण्य टिकलं आणि तिथून शिकून फिलिपिन्सभर शेकडो छोटी राखीव क्षेत्रं उभी राहिली. अल्काला यांना १९९२ मध्ये मॅगसेसे मिळाला.

आमच्याकडे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. तिथेही प्रवाळ आहे, मासळीची पैदास आहे. पण हद्द आधी कागदावर आली आणि रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, नंतर कळलं. विरोध झाला, अविश्वास राहिला. मला अल्कालांकडून हाच धडा घ्यावासा वाटतो: गोबरा आणि तांबोशी मोठी होऊन कुठे जातात ते मच्छीमाराला सोबत घेऊन मोजा.

मूळसंख्या

गणिताचं कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मी.

फादर बिएन्वेनिदो नेब्रेस. बागियोला १९४० मध्ये जन्म, जेझुइट धर्मगुरू, स्टॅनफर्डमधून १९७० मध्ये गणिती तर्कशास्त्रात पीएचडी. अशा माणसाला परदेशात खुर्ची मिळणं कठीण नव्हतं. ते परतले. तेव्हा फिलिपिन्समध्ये गणितात पीएचडी करायची म्हणजे बाहेर जायचं, आणि बाहेर गेलेला परत येईलच असं नाही. नेब्रेस आणि सहकाऱ्यांनी आतेनेओ, फिलिपिन्स विद्यापीठ आणि दे ला साल या तीन विद्यापीठांना एकत्र आणलं. एकट्या विद्यापीठाकडे पुरेसे शिक्षक नव्हते, तिघांचे मिळून होते. देशातच पीएचडी होऊ लागली. १९७३ मध्ये फिलिपिन्सची गणित संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. २०११ मध्ये ते राष्ट्रीय शास्त्रज्ञ झाले. एखादं प्रमेय सिद्ध करणाऱ्याचं नाव पुस्तकात राहतं, पण प्रमेयं सिद्ध करणारी माणसं घडतील अशी जागा तयार करणाऱ्याचं काम मला त्याहून अवघड वाटतं.

त्याचं फळ पुढे दिसलं. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये फिलिपिन्स १९८८ मध्ये उतरला, आपल्या एक वर्ष आधी. कित्येक वर्षं कांस्यही दुर्मिळ. २०१६ मध्ये हाँगकाँगला पहिली दोन सुवर्णपदकं मिळाली आणि संघ १७ वा आला. १९९६ चं ऑलिंपियाड आपल्या मुंबईत झालं होतं, आणि होमी भाभा केंद्रात आजही शिबिरं चालतात, तेव्हा या प्रवासाला किती शिक्षकांची किती वर्षं लागतात हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल.

आणखी एक नाव, रेइनाबेल रेयेस. ‘पिसाय’ म्हणजे सरकारी फिलिपाइन सायन्स हायस्कूल, जिथे प्रवेश परीक्षेने मुलं घेतात आणि शिष्यवृत्तीवर शिकवतात. तिथून ही मुलगी आतेनेओला गेली, तिथून प्रिन्स्टनला. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये तिचा शोधनिबंध आला. ७० हजारांहून जास्त आकाशगंगांची निरीक्षणं घेऊन तिने आणि सहकाऱ्यांनी तपासलं की आइन्स्टाइनचं गुरुत्व इतक्या प्रचंड अंतरांवरही लागू पडतं का. पडतं. गुरुत्वाचा एक पर्यायी सिद्धांत त्यात बाद झाला. नंतर ती मायदेशी येऊन विदाविज्ञानात (डेटा सायन्स) काम करू लागली.

कर्जतकर

भाताबद्दल दोन ओळी. लॉस बान्योसची आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सगळ्यांना माहीत आहे. १९६६ चा आयआर-८ हा भरघोस पिकणारा भात तिथलाच, आणि कोकणात पिकलेल्या ‘रत्ना’ या भाताच्या जातीच्या वंशात तोच आयआर-८ आहे. पण तिथल्या बिएन्वेनिदो हुलियानो यांचं नाव कुणी घेत नाही. भात शिजल्यावर मोकळा होणार की चिकट, हे तांदळातल्या ॲमिलोज या पिष्टाच्या प्रमाणावर ठरतं. ते मोजायची सोपी पद्धत हुलियानोंनी १९७१ मध्ये दिली. भाताची नवी जात काढणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत विचार करता येतो तो अशा मोजमापामुळे. फक्त उत्पन्न पाहून जात काढली की लोक खात नाहीत, हे आयआर-८ ने शिकवलं होतंच.

फळाखडू

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सातवीची मुलं भित्तिपत्रक करतात. या धाग्यातून एखादी गोष्ट द्यायची आहे. जागा थोडी आहे आणि मुलांना करून बघण्यासारखं काही मिळालं तर उत्तम. कुणाची देऊ?

सागरगोटा

फळाखडू सर, मारिया ओरोसा द्या. अजून कुणी त्यांच्याबद्दल लिहिलं नाही.

जन्म १८९३, बातांगास प्रांतातलं ताआल गाव. अमेरिकेत सिएटलला शिकायला गेल्या, सुट्टीत अलास्कातल्या मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम करून शिक्षणाचा खर्च भागवला. अन्नरसायनाच्या अभ्यासक होऊन परत आल्या, आणि आयात डब्यांवर चालणाऱ्या देशाला स्वतःचं अन्न टिकवायला शिकवलं. टोमॅटो महाग, केळी मुबलक, म्हणून केळ्याचं केचप. ते तिथे आजही घरोघरी आहे. वीज नसलेल्या घरांसाठी मातीच्या मडक्याची भट्टी. भाताच्या कोंड्यापासून बेरीबेरीवर उपयोगी पडणारं खाद्य, कारण ज्या ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाने बेरीबेरी होतो ते पॉलिशमध्ये निघून जाणाऱ्या कोंड्यातच असतं. सोयाबीनची पौष्टिक पूड तर युद्धकाळात छावणीतल्या कैद्यांपर्यंत चोरून पोचवली गेली. मनिला सोडून जायला त्यांनी नकार दिला आणि १३ फेब्रुवारी १९४५ रोजी मनिलाच्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचा जीव गेला.

मुलांना दोन वाट्यांत भात द्या, एक पॉलिश केलेल्या तांदळाचा, एक हातसडीचा, आणि कोंडा वेगळा दाखवा. ब१ कुठे गेलं ते त्यांनीच शोधू दे. केचप करायचं असेल तर पिकलेली केळी, व्हिनेगर, गूळ, थोडं आलं-लसूण, मिरपूड, लवंग, मीठ, असं मंद आचेवर आटवायचं. मुलांना आच सांभाळायला मोठं माणूस सोबत हवं. बाटली आधी उकळत्या पाण्यातून काढा. आंबटपणामुळे ते का टिकतं हा प्रश्न भित्तिपत्रकावर लिहून ठेवा, उत्तर रिकामं सोडा.